शब्दार्थ, आमच्या गटाप्रमाणे

बिबवेवाडी, ४ नोव्हेंबर २०११

वैजनाथ,

जय भीम. (एवढं तरी दोन्ही गटांचं सारखंच आहे, म्हणून सुरुवात त्यानेच.)

पत्र लिहितोय, कारण फोनचा उपयोग नाही. परवा लावला तेव्हा तू "राँग नंबर" म्हणून ठेवलास. काल लावला तर तुझ्या नातीने उचलला. ती अजून बोबडं बोलते, पण राँग नंबर अगदी स्पष्ट म्हणाली. छान शिकवलंयस. पत्र फाडता येतं, पण छापखान्यात जन्म काढलेला माणूस कागद वाचल्याशिवाय फाडत नाही, एवढी खात्री आहे.

मुद्दा एका ओळीत: अभ्यासिकेची तुझ्याकडची किल्ली पाठव.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून नोटीस आली आहे. वापरात नसलेल्या वास्तू ते परत घेतायत. सोळा डिसेंबरला साहेब पाहायला येणार. दार बंद दिसलं तर खोली गेली. व्यायामशाळेसाठी कोणाचा तरी अर्ज आधीच जाऊन पडलाय.

हे पत्र तुझ्याआधी तुझी सून वाचणार हे मी धरून चालतो, म्हणून तिच्यासाठी थोडा इतिहास. अपेक्षा, बाळ, तुझा सासरा आणि मी एकाच पक्षाचे. पक्ष एकच आहे, फक्त त्याचे गट आहेत. वर मुंबईत दोन नेत्यांचं पटलं तेव्हा ऐक्य झालं, आणि खाली आम्ही वस्तीत पेढे वाटले. ऐक्याची खूण म्हणून अभ्यासिकेच्या दाराला दोन कुलुपं लावली. एक त्यांच्या गटाचं, एक आमच्या. एकाने दुसऱ्याच्या नकळत ताबा घेऊ नये म्हणून. कुलुपांना हार घातले होते. हार घातलेलं कुलूप तू कुठे पाहिलं नसशील. ऐक्य उन्हाळ्याच्या आतच मोडलं. कुलुपं चांगल्या कंपनीची होती.

मग कुलुपंच का तोडत नाही, असं तू विचारशील. मागे पोरांनी तो प्रयोग केला. दोन्हीकडची डोकी फुटली, दोन्हीकडच्या पोरांवर गुन्हे नोंदले गेले, त्यात तुझ्या नवऱ्याचा पासपोर्ट अडकला. संजय बिचारा नुसता सोडवायला गेला होता. तेव्हापासून तुझ्या सासऱ्याने वस्ती सोडली आणि माझ्याशी बोलणंही. वरचे दोघे त्यानंतर किती व्यासपीठांवर शेजारी बसले. आम्ही नाही बसलो. इतिहास संपला.

वैजनाथ, घाई का, ते सांगतो. मालनबाईची चैताली स्पर्धा परीक्षेला बसतेय. घरात एक खोली, तिच्यात पाच माणसं आणि एक टीव्ही. नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत नंबर लागत नाही. परवा माझ्या दुकानात येऊन बसली, फ्लेक्सच्या मशीनच्या घरघरीत, राज्यशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन.

"काका, ऐक्य आणि युती यांत एक्झॅक्ट डिफरन्स काय?"

"पुस्तकाप्रमाणे सांगू की आमच्या गटाप्रमाणे?"

"गटाप्रमाणे सांगा. पुस्तकाप्रमाणे मी पाठ करीन."

मग सांगितलं. ऐक्य म्हणजे बाकीच्या सगळ्या गटांनी आपापले अध्यक्ष सोडून आमच्या अध्यक्षाखाली येणं. हीच सूचना त्यांनी केली तर ते फुटीचं कारस्थान. युती म्हणजे मोठा पक्ष जिथे हमखास पडतो ती जागा त्याने आपल्याला प्रेमाने देणं. जनाधार म्हणजे आमच्या सभेची गर्दी. तुमच्या सभेला येतात ती ट्रकने आणलेली माणसं. ट्रक एकच असतो. दोन्ही सभांचे बॅनर त्याला मीच बांधलेत.

"आणि विकास?"

"कुठेतरी जाताना वाटेत आपली वस्ती लागते. ती लागू नये म्हणून बांधलेला पूल."

"हे लिहिलं तर मार्क मिळतील?"

"मार्क नाही. टाळ्या."

पोरगी हसली आणि परत पुस्तकात शिरली. मशीन चालूच होतं. बोटं कानात घालून वाचत होती, पान उलटायला एक कान मोकळा करायची.

अर्थ एकतर्फी आहेत, मान्य. दुरुस्त करून पाठव. सोबत किल्ली.

कचरू


बिबवेवाडी, १४ नोव्हेंबर २०११

वैजनाथ,

तुझं पाकीट आलं. आधी दाबून पाहिलं, किल्ली लागते का. लागली नाही. फोडलं तर माझंच पत्र परत, तांबड्या शाईत प्रूफ तपासून! वय झालं, छापखाना गेला, तिकडे मांजरी गावात सातव्या मजल्यावर राहायला गेलास, तरी समासातल्या खुणा तशाच काढतोस. "जनाधार"पुढे लिहिलंयस, "शब्द जड. गर्दी पुरे." कुलुपांना घातलेल्या हारांपाशी लिहिलंयस, "हार तुमच्या गटाने आणले. आम्ही विरोध केला होता." असेल. विरोध करायला तुम्ही कधी उशीर केला नाहीत.

आणि खाली तुझी स्वतःची भर. "निष्ठावंत: ज्याला अजून दुसरीकडून बोलावणं आलेलं नाही असा माणूस. उदाहरण, कचरू."

चंद्रभागेला वाचून दाखवलं. हिला हसू आवरेना. म्हणाली, "भाऊजींनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं." म्हणजे घरातही तुमच्या गटाचा शिरकाव आहे.

किल्लीच्या वाक्याखाली मात्र नुसतं प्रश्नचिन्ह, आणि अट: आमच्या गटाचा लेखी ठराव पाहिजे, की अभ्यासिका उघडल्यावर आम्ही ताबा घेणार नाही. "तुझ्या तोंडी शब्दाला गटात किती वजन उरलंय ते मला माहीत नाही." हे वाक्य तू तांबड्या शाईत नाही, निळ्या शाईत लिहिलंयस. म्हणजे ते प्रूफ नव्हे, मजकूर.

ठीक आहे. रविवारी मीटिंग आहे, ठराव मांडतो. संस्थापक सभासद आहे मी. पक्षाचं पहिलं भिंतीवरचं नाव माझ्या ब्रशने लिहिलंय, तू चुना कालवून दिला होतास.

ब्रश गेला तो गेलाच. तुझे छपाईचे शिशाचे खिळे भंगारात गेले तेव्हा तू संगणकाला वाट्टेल ते बोललास, आणि त्याच संगणकावर तुझ्या संजयने मांजरीचा फ्लॅट घेतला. मी फ्लेक्सचं मशीन आणलं. आता दिवसभर लोकांचे वाढदिवस छापतो. एवढी माणसं एवढ्या वेळा जन्माला येतात हे मला पूर्वी माहीत नव्हतं. प्रत्येकाच्या नावाआधी "भावी नगरसेवक". भावी हे असं विशेषण आहे की एकदा लागलं की माणसाच्या तेराव्यापर्यंत निघत नाही. मोबाईल कानाला लावलेले फोटो सगळ्यांना हवेत. बोलतंय कोण पलीकडून, देव जाणे. देव आपण मानत नाही, तेव्हा कोणीच जाणत नाही.

पण कान अजून शाबूत आहेत. मजकूर सांगताना माणूस ज्या नेत्याच्या नावाशी आवाज खाली आणतो, त्या नेत्याला तो वर्षाच्या आत सोडतो. हे माझं कधी चुकलेलं नाही. आमचा नवा विभागप्रमुख शंभू, परवा मजकूर सांगायला आला होता. आमच्या अध्यक्षांच्या नावाशी त्याचा आवाज एकदम मऊ झाला. मी फॉण्ट कोणता घेऊ, एवढंच विचारलं.

ठराव घेऊन लिहितो.

कचरू


बिबवेवाडी, २४ नोव्हेंबर २०११

वैजनाथ,

ठराव मांडला. चर्चा सकारात्मक झाली. सकारात्मक म्हणजे कोणी नाही म्हणालं नाही, आणि चहा आला नाही.

शंभू म्हणाला, "काका, तुम्ही त्यांना पत्रं लिहिता?"

"लिहितो."

"उत्तर येतं?"

"प्रूफ येतं."

पोरं हसली. शंभू नाही हसला. म्हणाला, "निवडणूक तोंडावर आहे, काका. आत्ता त्यांच्याशी बोललो तर आपल्या भूमिकेला तडा जातो." मी विचारलं, अभ्यासिकेबद्दल आपली भूमिका काय आहे? तो म्हणाला, "तीच तर ठरायचीय."

म्हणजे बघ, जी अजून ठरलेली नाही तिला तडा जातो. पुस्तकात हे सापडणार नाही. चैतालीला सांगितलं, लिहून घे. ती म्हणाली, "काका, मला भूमिका नको, खुर्ची पाहिजे." मी म्हटलं, अशी उघड बोलू नकोस, तिकीट देतील.

ठराव विचाराधीन ठेवलाय. आमच्या गटात विचाराधीन म्हणजे ज्याचा विचार करायची वेळ जाईपर्यंत थांबायचं ते. पण मी आहे ना मागे. त्या दिवशी मीटिंगमधून थोडा लवकर उठलो, गुडघा दुखत होता. पुढच्या मीटिंगचा निरोप यायचाय, पोरं कामाच्या गडबडीत विसरली असतील. या महिन्यात फ्लेक्सवर माझा फोटोही राहून गेला, पण जागा कमी होती. मीच बसवली मांडणी, मला माहीत आहे.

ठरावाची वाट न पाहता किल्ली पाठवलीस तर बरं. साहेब सोळाला येणार. त्यांना विचाराधीन वगैरे समजत नाही. त्यांना उघडं आणि बंद एवढंच समजतं.

कचरू


बिबवेवाडी, ९ डिसेंबर २०११

वैजनाथ,

तुझं कार्ड सहा तारखेच्या आधी आलं होतं. एकच ओळ: "तुझं नाव गेलं असं ऐकतो. खरं?"

उत्तर द्यायला दोन-तीनदा बसलो. मग दादरला गेलो.

चैत्यभूमीच्या रांगेत तू माझ्या पुढे होतास, मध्ये दहा-बारा माणसं. आधी टोपी ओळखली, मग तू. तिथे गटागटाच्या रांगा नसतात, तेवढी एकच रांग आपल्याला कोणी फोडू दिलेली नाही. ऊन चढलं होतं. तू मागे वळलास, आणि हातातली पाण्याची बाटली मागच्याला देऊन म्हणालास, "मागे द्या." ती हातोहात माझ्यापर्यंत आली. माझ्यासाठी पाठवलीस, की माझ्या मागे लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी, ते कळलं नाही. मी दोन घोट घेतले आणि तिला दिली. दोघांचाही मान राहिला.

तर, खरं आहे.

त्याच मीटिंगला झालं. मागच्या पत्रात गुडघा लिहिलं होतं. गुडघा ठीक आहे. शंभूने ठराव घेतला, पण माझा नाही. कचरू ओव्हाळ यांनी विरोधी गटाशी पत्रव्यवहार करून पक्षशिस्त मोडली. हात वर करा. हात वर झाले. ज्यांना मी ब्रश धरायला शिकवलं त्यांचेही. एकाने हात अर्धाच वर केला, तेवढं शिकवणीचं फळ.

मग बाहेर आल्यावर शंभू अगदी अदबीने म्हणाला, "काका, किल्ली." दिली. तीस वर्षं गटात काढली, द्यायला तेवढंच होतं.

खरी गंमत पुढे. दुसऱ्या दिवशी शंभू दुकानात. हातात कागद. जाहीर खुलासा. "श्री. कचरू ओव्हाळ यांचा पक्षाशी कोणताही संबंध राहिलेला नाही, तरी जनतेने त्यांच्याशी पक्षाच्या नावाने कोणताही व्यवहार करू नये." दहा बाय आठ, चौकात लावायला.

मी म्हटलं, "अरे, हे दुसरीकडून छापून घ्यायचं."

तो म्हणाला, "पक्षाचं सगळं तुमच्याकडेच असतं, काका. बाहेर दिलं तर वाईट दिसेल."

बरोबर आहे त्याचं. छापलं. "कोणताही" दोनदा आला होता, एक काढला. फोटो त्याने मोबाईलवर आणला होता, त्यात मी जांभई देत होतो. मी माझ्याकडचा चांगला दिला, संजयच्या लग्नातला. तू शेजारी होतास, तुला कापावं लागलं. माफ कर. चंद्रभागा दोन दिवस चौकातून गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, आणि येऊन म्हणाली, "फोटो छान आलाय. हयातीत एवढा मोठा कधी लावला नव्हता त्यांनी."

जाहीर खुलासा म्हणजे जे सगळ्यांना माहीत आहे ते न माहीत असल्यासारखं सांगणं. हा अर्थ मी खास तुझ्यासाठी काढला. तू तीन वर्षं "कचरू कोण?" असं विचारत फिरत होतास, तोच हा.

तर आता माझ्याकडे तुझ्याशी जुळवायला काही नाही. ना ठराव, ना किल्ली, ना गट. तू विचारलं होतंस माझ्या शब्दाला किती वजन उरलंय. त्याचं उत्तर चौकात दहा बाय आठ लागलंय, मांजरीहून दिसत नसेल, पण आहे.

तरी मागतो. सोळाला खोली गेली तर ती ना तुमची राहील ना त्यांची. चैताली आता दुकानातही येत नाही. मालनबाई म्हणते, पोरगी मंडईमागच्या जिन्यात बसून वाचते. तिने तुझ्या-माझ्या कुठल्याच गटाचं काही बिघडवलेलं नाही.

मी कोणाच्याही वतीने मागत नाहीये, हे पहिल्यांदाच होतंय.

कचरू


बिबवेवाडी, १८ डिसेंबर २०११

वैजनाथ,

पंधराला संध्याकाळी कुरियर आलं. पाकिटात किल्ली, जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली. पान दोन्ही बाजूंनी तपासलं, तुझा एक शब्द नाही. चंद्रभागा म्हणाली, "काय लिहायचं असतं त्यात? किल्लीच तर आहे."

मी गटात असतो तर तू पाठवली नसतीस, हे मला समजतं. त्यांच्या हातात देणं वेगळं आणि माझ्या हातात देणं वेगळं. म्हणजे शंभूने मला काढून वस्तीचं भलंच केलं. त्याला सांगू नकोस, तेही फ्लेक्सवर घालेल.

सोळाला सकाळी सगळ्यांदेखत तुझं कुलूप उघडलं. गंज धरला होता, गोडेतेल सोडलं तेव्हा फिरलं. लोक बघत होते. एकाने मागून म्हटलंही, "काका तिकडे गेले वाटतं." मी तुमच्या किल्लीने तुमचं कुलूप उघडतोय म्हणजे मी तुमच्यात आलो, असा साधा हिशोब. मी वळलोही नाही.

आता एक उघडं आणि एक बंद. शंभू कडेला उभा, दोन्ही हात खिशात. आणि मालनबाई पुढे झाली. तिचा आवाज तुला माहीत आहे, मंडईत कमावलेला.

"एक उघडलं. आता ज्याचं बंद हाय त्याचं नाव आम्ही ध्यानात ठिवू. मतदान हाय फेब्रुवारीत."

एवढी वर्षं दोन कुलुपं होती, म्हणून दोष कोणाचाच नव्हता. एक गेलं आणि दोष एकदम एकाचा झाला. एवढी साधी गोष्ट आपल्याला कधी सुचली नाही, कारण आधी कोणी काढायचं यावरच आपण अडलो होतो. शंभूचा हात खिशातून बाहेर आला तो किल्ली घेऊनच.

साहेब आले तेव्हा दार उघडं होतं आणि चैताली आत बसलेली, धूळ फडक्याने पुसायच्या आधीच पुस्तक उघडून. साहेबांनी तिला विचारलं, "रोज येता का?" ती म्हणाली, "आजपासून." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि "वास्तू वापरात आहे" असं लिहून सही केली. खोली वाचली.

आत काय होतं ते सांगायला नको असं वाटतं, पण सांगतो. एका कंपनीने देणगी दिलेले ते संगणक, जे दुसऱ्या गटाच्या हाती जाऊ नयेत म्हणून आपण कुलुपं लावली, त्यांच्या डब्यांत उंदरांनी घर केलं होतं. पुस्तकांना वाळवी. शाबूत होती ती टेबलं, खुर्च्या आणि शांतता. चैताली म्हणाली, "एवढंच तर पाहिजे होतं." आपण दोघंही असतो तर खाली बघितलं असतं. मी एकट्याने बघितलं.

शांतता एक दिवस टिकली. काल शंभूने लोकार्पण सोहळा ठेवला. फ्लेक्स माझ्याकडेच: "अथक पाठपुराव्याला अखेर यश." पाठपुरावा म्हणजे काम झाल्यानंतर आपण ते करत होतो असं आठवणं. छापला. स्पीकर बरोबर अभ्यासिकेच्या खिडकीत ठेवला, वायर तिथवर पुरत होती म्हणून. आत पोरगी कानात बोटं घालून.

गेलो त्याच्याकडे. म्हटलं, "शंभू, आवाज कमी कर."

"काका, तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय?"

"कोणाच्याच नाही."

असं उत्तर त्याला कोणी दिलेलं नसावं. तुमच्या गटाच्या म्हणण्यावरून कमी केला तर पडतं घेतलं होतं, अध्यक्षांच्या म्हणण्यावरून केला तर आज्ञा पाळली होती. माझ्या म्हणण्यावरून केला तर काय होतं, ते त्याला ठरवता येईना. शेवटी ऑपरेटरला हात केला. आवाज कमी झाला. बंद नाही झाला.

आता तुझ्या कामाचं, जे मी शेवटी ठेवलं. तुझं कुलूप मी दाराला परत लावलेलं नाही. लावलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून परत तेच. म्हणजे दाराला आता त्यांचं एकच कुलूप आहे. तुला जी भीती होती, ज्यासाठी तू ठराव मागत होतास, तेच झालं. ताबा त्यांचा झाला, आणि तुझ्या हाताने दिलेल्या किल्लीने झाला. सध्या रोज सकाळी उघडतात. निवडणुकीपर्यंत नक्की उघडतील, चैतालीची परीक्षा त्याआधी आहे. पुढचं पुढे.

तुझ्या गटात तुला विचारतील. मीटिंग लागेल, कोणीतरी ठराव आणेल, हात वर होतील. मी त्यातून आत्ताच गेलोय, या वयात ते तुझ्या वाट्याला येऊ नये. विचारलं तर सांग, किल्ली कचरूने फसवून नेली. माझं चौकात आधीच लागलेलं आहे, त्यावर आणखी एक ओळ सहज मावेल.

कचरू